प्राथमिक स्तरावरील शारीरिक शिक्षणात संघाधारित अध्ययन आणि समस्या निराकरण कौशल्य : एक चिकित्सक विचार

बीजसंज्ञा : संघाधारित अध्ययन, समस्या निराकरण, प्राथमिक स्तर, शारीरिक शिक्षण, खो-खो, लगोरी, मूल्यमापन

प्रस्तावना

प्राथमिक शाळेतील मुले शारीरिक शिक्षणाच्या तासिकेत संघ करून खेळतात. ही बाब इतकी परिचित आहे की तीत तपासण्यासारखे काही असेल असे सहसा कोणास वाटत नाही. मुले संघात खेळली म्हणजे त्यांच्यात सहकार्याची भावना वाढते, नेतृत्वगुण विकसित होतात आणि समस्या सोडविण्याचे कौशल्य अंगी बाणते, अशी विधाने अध्यापक शिक्षणाच्या पाठ्यपुस्तकांपासून चर्चासत्रांतील निबंधांपर्यंत सर्वत्र आढळतात. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये क्रीडा-एकात्मिक अध्ययनाचा पुरस्कार करण्यात आला आहे. २०२३ च्या शालेय शिक्षणाच्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने शारीरिक शिक्षणाला स्वतंत्र अभ्यासक्षेत्र म्हणून स्थान दिले आहे. अशा वेळी ही विधाने तपासून घेणे अगत्याचे ठरते.

प्रस्तुत लेखात संघाधारित अध्ययन या पद्धतीचा उगम व तिचे घटक पाहून ती प्राथमिक स्तरावरील मैदानाला कितपत लागू पडते याची चिकित्सा केली आहे. लेखाचे मुख्य प्रतिपादन असे की, संघात खेळणे म्हणजे संघातून शिकणे नव्हे. मैदानावरील समस्या ओळखणे, तिचे उत्तर ठरविणे आणि ते चुकल्यास बदलणे ही तीनही कामे मुलांकडे असतील, आणि त्यांत प्रत्येक मुलाचा वाटा असेल, तरच संघखेळातून समस्या निराकरणाचे शिक्षण घडते. आजच्या प्रचलित अध्यापनात ही कामे बहुधा शिक्षक किंवा संघातील दोन-तीन चपळ मुले करतात.

संघाधारित अध्ययन : उगम व घटक

संघाधारित अध्ययन ही पद्धती शाळेत जन्मलेली नाही, आणि मैदानावर तर नाहीच. अमेरिकेतील ओक्लाहोमा विद्यापीठात व्यवस्थापनशास्त्र शिकविणारे लॅरी मायकेलसन यांच्या वर्गातील विद्यार्थिसंख्या १९७० च्या दशकाच्या अखेरीस ४० वरून १२० वर गेली. एवढ्या मोठ्या वर्गात व्याख्यान देत बसण्याऐवजी विद्यार्थ्यांना विचार करण्यास कसे भाग पाडावे, या व्यावहारिक अडचणीतून त्यांनी ही पद्धती उभी केली. तिचे चार घटक महत्त्वाचे मानले जातात. पहिला घटक म्हणजे शिक्षकाने विचारपूर्वक बनविलेले आणि सत्रभर टिकणारे पाच ते सात जणांचे संघ. दुसरा घटक पूर्वतयारीची तपासणी. यात विद्यार्थी प्रथम एकट्याने चाचणी सोडवितो व नंतर तीच चाचणी संघाने सोडवावयाची असते. तिसरा घटक उपयोजनात्मक कार्य. यात सर्व संघांना एकच अर्थपूर्ण समस्या दिली जाते, नेमका पर्याय निवडावा लागतो आणि सर्वांनी आपली निवड एकाच वेळी जाहीर करावयाची असते. चौथा घटक म्हणजे सहाध्यायींनी केलेले परस्पर मूल्यमापन.

या घटकांकडे पाहिल्यास एक गोष्ट लक्षात येते. येथे विद्यार्थ्यांना केवळ एकत्र बसविण्याला फारसे महत्त्व नाही. कोणीही मागे लपून राहू नये आणि कोणताही निर्णय विचाराविना होऊ नये, यासाठीची ही रचना आहे. ‘गट’ आणि ‘संघ’ या दोन शब्दांत मराठीतही हा भेद सूचित होतो. शिक्षकाने ‘गट पाडा’ म्हटले की पाडलेला गट तासिका संपताच मोडतो. संघ मात्र काही काळ टिकतो, त्याला स्वतःची हार-जीत आठवते आणि म्हणून त्याला स्वतःत सुधारणा करता येते. शारीरिक शिक्षणाच्या क्षेत्रात डॅरिल सीडेंटॉप यांनी मांडलेल्या क्रीडाशिक्षण प्रतिमानातही हंगामभर टिकणारे संघ आणि प्रत्येकाला नेमून दिलेली भूमिका यांवर भर आहे. तेव्हा ही कल्पना मैदानाला अगदीच परकी नाही.

प्राथमिक वयोगटाची मर्यादा

तथापि, पदवी स्तरावरील प्रौढ विद्यार्थ्यांसाठी तयार झालेली पद्धती सहा ते अकरा वर्षांच्या मुलांवर जशीच्या तशी लादता येणार नाही. जाँ पियाजे यांनी १९३२ साली प्रसिद्ध केलेल्या मुलांच्या नैतिक निर्णयांवरील ग्रंथात गोट्यांच्या खेळाचे सूक्ष्म निरीक्षण आहे. लहान मुले शेजारी-शेजारी खेळत असली तरी प्रत्येकजण आपापल्या नियमांनी खेळतो. साधारणपणे सात-आठ वर्षांच्या सुमारास परस्परांचे नियम जुळवून घेण्याची गरज त्यांना वाटू लागते. नियमांची बारकाईने निश्चिती करण्याची आवड अकरा-बारा वर्षांच्या सुमारास दिसते. त्यांच्या टप्प्यांच्या वयोमर्यादांविषयी पुढे मतभेद झाले, तरी मैदानावर काम करणाऱ्या शिक्षकाला या निरीक्षणाचा प्रत्यय रोज येतो.

यावरून दोन फेरबदल अपरिहार्य ठरतात. इयत्ता पहिली-दुसरीत पाच-सात जणांचा संघ हा फार मोठा होतो. तेथे जोडी किंवा तिघांचा संघ पुरेसा असून सहा-सात जणांचे संघ तिसरी-चौथीनंतर करणे योग्य होईल. दुसरे असे की, लेखी पूर्वचाचणीला या वयात अर्थ नाही. तिची जागा कृतीने घेतली पाहिजे. चेंडू झेलता येतो का, धावता-धावता वळता येते का, बसलेल्या गड्याला मागून स्पर्श करून स्पष्ट ‘खो’ देता येतो का, हे प्रत्येक मुलाने आधी एकट्याने करून दाखवावे व नंतर संघातील मुलांनी एकमेकांचे पाहून सुधारावे. ज्या मुलाला चेंडू झेलताच येत नाही, त्याला संघाच्या डावपेचात भाग घेता येत नाही. कौशल्याची ही किमान पायरी गाळून थेट ‘समस्या’ देणे हा अशा प्रयोगांतील एक मोठा दोष ठरतो.

संघातील अदृश्य मूल

संघ केल्याने प्रत्येकाचा सहभाग आपोआप वाढतो, या समजुतीला शास्त्रीय आधार नाही. मॅक्स रिंगेलमन या फ्रेंच कृषी अभियंत्याने दोर ओढण्याचे प्रयोग केले आणि त्यांचे निष्कर्ष १९१३ साली प्रसिद्ध झाले. दोर ओढणाऱ्यांची संख्या वाढत गेली तसा प्रत्येकाचा सरासरी जोर घटत गेला. आठ जणांच्या गटात तो एकट्याच्या जोराच्या सुमारे निम्म्यावर आला. यात ताळमेळ न जमण्याचा भाग किती आणि अंग राखण्याचा भाग किती, असा प्रश्न पुढे उपस्थित झाला. १९७४ साली अ‍ॅलन इंगहॅम व त्यांच्या सहकाऱ्यांनी दोर ओढणाऱ्याच्या डोळ्यांवर पट्टी बांधून, मागे इतर जण ओढत आहेत असे त्यास भासविले. प्रत्यक्षात तो एकटाच ओढत होता. तरीही त्याचा जोर कमी झाला. बिब लाताने व सहकाऱ्यांनी १९७९ साली या प्रवृत्तीला सामाजिक अंगचोरपणा या अर्थाची संज्ञा दिली. शालेय क्रीडामहोत्सवातील रस्सीखेच हा सांघिक भावनेचा आदर्श म्हणून गौरविला जातो. पण संघात प्रत्येकाची जबाबदारी वेगळी दिसत नसेल, तर काय घडते याचा पहिला पुरावा याच खेळाने दिला आहे.

शारीरिक शिक्षणाच्या वर्गात याहून सूक्ष्म प्रकार घडतो. मारिएल तुझिन्याँ आणि सीडेंटॉप यांनी १९८३ साली माध्यमिक शाळांतील तासिकांच्या निरीक्षणावरून अशा विद्यार्थ्यांचे वर्णन केले आहे की जे नियम मोडत नाहीत, रांगेत उभे राहतात, शिक्षकाची नजर चुकवीत नाहीत. मात्र आपली पाळी आली की हळूच मागच्या मुलाला पुढे जाऊ देतात. त्यांना ‘कुशल बघे’ म्हणता येईल. मराठी मुलांच्या खेळात यासाठी फार जुनी सोय आहे. लहान किंवा कच्च्या भिडूला ‘कच्चे लिंबू’ म्हणून घेतले जाते. तो खेळतो, पण बाद होत नाही आणि त्याच्यावर राज्यही येत नाही. गल्लीतल्या खेळात ही सोय प्रेमाची असते, कारण पुढल्या वर्षी ते मूल पक्के होते. शाळेत मात्र काही मुले चार-चार वर्षे न सांगता कच्चे लिंबू राहतात आणि हजेरीपटावर त्यांचा सहभाग पूर्ण दिसतो.

या मुलांची निर्मिती बहुधा भिडू निवडण्याच्या क्षणी होते. दोन कर्णधार पुढे येतात, एकेक भिडू मागतात आणि शेवटी उरलेल्या मुलाला कोणीतरी नाइलाजाने घेते. मायकेलसन यांच्या पद्धतीत संघ शिक्षकाने करावयाचे असतात. हा नियम प्राथमिक स्तरावर अधिकच कसोशीने पाळला पाहिजे. चपळता, उंची, मुलगा-मुलगी, घरची भाषा या सर्वांची सरमिसळ होईल असे संघ शिक्षकाने करावेत व किमान एक सत्र मोडू नयेत.

समस्या कोणाची? खो-खोचे उदाहरण

जॉर्ज पोल्या यांनी १९४५ साली समस्या सोडविण्याच्या चार पायऱ्या सांगितल्या : समस्या समजून घेणे, योजना आखणे, ती अंमलात आणणे आणि मागे वळून पाहणे. त्या गणितासाठी सांगितलेल्या असल्या तरी मैदानालाही लागू पडतात. प्रश्न असा की, या चारांपैकी किती पायऱ्या मुले स्वतः चढतात?

खो-खोचा विचार करावा. १९१४ साली पुण्याच्या डेक्कन जिमखान्यात या खेळाचे नियम घडू लागले. २०२५ च्या जानेवारीत नवी दिल्ली येथे झालेल्या पहिल्या विश्वचषकात भारताच्या पुरुष व महिला या दोन्ही संघांनी विजेतेपद मिळविले. पारंपरिक नियमांनुसार पाठलाग करणाऱ्या संघाचे आठ गडी दोन खांबांमधील चौकोनांत एकाआड एक विरुद्ध दिशांना तोंड करून बसतात आणि नववा पाठलाग करतो. धावणारे तिघा-तिघांच्या तुकडीने उतरतात. धावणाऱ्याला बसलेल्या गड्यांमधून कोठूनही पलीकडे जाता येते. पाठलाग करणाऱ्याला मात्र मधली पट्टी ओलांडता येत नाही आणि एकदा दिशा घेतली की मागे फिरता येत नाही.

या नियमांतच एक सुंदर समस्या दडलेली आहे. धावणारा पलीकडे गेला की पाठलाग करणाऱ्याचे पाय निरुपयोगी होतात. त्याला अशा गड्याची गरज असते ज्याचे तोंड पलीकडच्या बाजूला आहे. जवळच्या गड्याला लगेच खो द्यावा, की दोन पावले पुढे जाऊन धावणाऱ्याच्या वाटेतील गड्याला द्यावा? खांबाकडे रेटत न्यावे की मध्येच दिशा बदलावी? बसलेल्या गड्यालाही खो मिळण्यापूर्वीच काय करावयाचे ते ठरवून ठेवावे लागते. येथे एकट्याची चपळता पुरेशी पडत नाही. नियमच परस्परावलंबन निर्माण करतात. संघाधारित अध्ययनाला जी समस्या हवी असते, ती या देशी खेळाने आयती दिलेली आहे.

शालेय सरावात मात्र कडेला उभा असलेला शिक्षक ‘खो दे’, ‘पुढे जा’, ‘खांब घे’ असे ओरडत असतो. मुले आज्ञेबरहुकूम धावतात, डाव जिंकतात आणि शिक्षकालाही समाधान वाटते. पण समस्या समजून घेण्याचे व योजना आखण्याचे काम शिक्षकाने केलेले असते. मुलांनी केवळ तिसरी पायरी, म्हणजे अंमलबजावणी, केली. चौथ्या पायरीची वेळ येते तेव्हा तासिकेची घंटा होते. १९६६ साली मस्का मॉस्टन यांनी शारीरिक शिक्षणातील अध्यापनशैलींची मांडणी करताना हाच मुद्दा केंद्रस्थानी ठेवला होता. आज्ञाशैलीपासून शोधशैलीकडे जाताना निर्णय घेण्याचा अधिकार शिक्षकाकडून विद्यार्थ्याकडे सरकत जातो. इंग्लंडमधील लफबरो येथील डेव्हिड बंकर आणि रॉड थॉर्प यांनी १९८२ साली आकलनाधारित खेळशिक्षणाचे प्रतिमान मांडले, तेही सुटी कौशल्ये घोटून घेण्याच्या रूढ पद्धतीवर असमाधानी होऊनच. आधी सोपा केलेला खेळ, मग ‘काय करावे’ हा प्रश्न आणि त्यानंतर ‘कसे करावे’ याचा सराव असा त्यांचा क्रम होता.

अर्थात आज्ञाशैली सर्वस्वी त्याज्य नाही. सुरक्षिततेचे नियम, मैदान आखणे, नवीन कौशल्याची पहिली ओळख या ठिकाणी ती आवश्यकच आहे. आक्षेप आहे तो आज्ञेने घेतलेल्या सरावाला समस्या निराकरणाचे नाव देण्याला.

लगोरीच्या पाठाची एक संभाव्य रचना

पद्धतीचे घटक प्रत्यक्षात कसे उतरू शकतात हे लगोरीच्या उदाहरणाने स्पष्ट होईल. इयत्ता चौथीचा २४ मुलांचा वर्ग घेऊन सहा-सहा जणांचे चार कायम संघ करावेत व दोन ठिकाणी एकाच वेळी खेळ सुरू करावा. पहिल्या तासिकेत प्रत्येक मुलाने नेम धरणे, झेलणे आणि सात लगोऱ्या रचणे या तीन कृती एकट्याने कराव्यात. दुसऱ्या तासिकेत सर्व संघांना एकच प्रश्न द्यावा : लगोरी फुटल्यावर ती रचण्यासाठी एकाने जावे, दोघांनी जावे की सर्वांनी? तीन मिनिटांच्या विचारानंतर चारही संघांनी एकाच वेळी बोटे दाखवून उत्तर जाहीर करावे. दुसऱ्या संघाचे पाहून उत्तर बदलण्याची मुभा नसल्याने प्रत्येक संघाला स्वतःचे मत बनवावे लागते. नंतर आपापल्या योजनेप्रमाणे तीन डाव खेळावेत आणि पाच मिनिटे बसून योजना कायम ठेवावयाची की बदलावयाची ते ठरवावे.

या पाठात शिक्षकाचे काम कमी होत नाही, ते बदलते. उत्तर सांगण्याऐवजी त्याने ‘चेंडू कोणाकडे होता तेव्हा तुम्ही रचायला गेलात?’ यासारखे प्रश्न विचारावयाचे असतात. परस्पर मूल्यमापनही गुणांच्या रूपात नको. एवढ्या लहान वयात सोबत्याला गुण देण्याचा अधिकार हा मैत्रीचे व वैराचे हत्यार होण्याचा धोका आहे. त्याऐवजी ‘आज कोणाच्या कोणत्या कृतीमुळे डाव सोपा झाला?’ एवढे तोंडी सांगणे पुरेसे आहे.

बाद होण्याचा नियम

येथे आणखी एका नियमाचा विचार करणे आवश्यक आहे. नील विल्यम्स यांनी १९९२ साली एका अमेरिकन शारीरिक शिक्षण नियतकालिकात शाळेतून हद्दपार करण्याजोग्या खेळांची उपरोधिक यादी दिली. तिच्यात संगीत खुर्चीचा समावेश होता. कारण साधे होते. ज्या मुलाला सरावाची सर्वाधिक गरज असते तेच सर्वांत आधी बाद होऊन कडेला बसते. समस्या निराकरणाच्या दृष्टीने ही हानी दुहेरी आहे. त्या मुलाला चूक सुधारण्याची दुसरी संधी मिळत नाही आणि संघालाही त्याच्याविना विचार करण्याची सवय लागते.

यावर खेळ बंद करणे हाच एक उपाय नाही. कॅनडातील टेरी ऑर्लिक यांनी १९७० च्या दशकात सहकारी खेळांचा पुरस्कार करताना संगीत खुर्चीचा नियमच उलटा केला. खुर्च्या कमी होत जातात, मुले मात्र एकही कमी होत नाही. उरलेल्या खुर्च्यांवर सर्वांना सामावून घ्यावयाचे असते. पाठीमागून ढकलण्याचा खेळ अशा रीतीने मांडणीचा प्रश्न बनतो. लगोरीतही चेंडू लागलेल्या मुलाने बाहेर बसण्याऐवजी मैदानाच्या कडेला हात लावून परत यावे, असा बदल करता येतो. स्पर्धा नष्ट करण्याचा हा आग्रह नाही. पारंपरिक नियमांचा खेळ मुलांनी अवश्य खेळावा, परंतु शिकण्याच्या तासिकेत बाद होणे ही शिक्षणातून सुट्टी ठरू नये.

संक्रमण व मूल्यमापन

संघखेळात मिळविलेले समस्या निराकरण कौशल्य गणितात, विज्ञानात आणि जीवनात आपोआप उपयोगी पडते, हा दावाही सावधपणे घेतला पाहिजे. थॉर्नडाइक आणि वुडवर्थ यांनी १९०१ सालीच दाखवून दिले की, एका कार्यातील सराव दुसऱ्या कार्यात उतरतो तो दोहोंत समान घटक असतील त्या प्रमाणात. खो कोणाला द्यावा हे उत्तम ओळखणारी मुलगी केवळ त्यामुळे भागाकारात तरबेज होणार नाही. एखादी गोष्ट उतरण्याची शक्यता असेल तर ती ‘थांब, काय चुकले ते पाहू, दुसरे करून बघू’ ही रीत होय. ती रीत शब्दांत मांडली गेली, वारंवार वापरली गेली आणि वर्गशिक्षकाने वर्गातही तिची आठवण करून दिली, तरच हा सांधा जुळेल. प्राथमिक शाळेत एकच शिक्षक अनेकदा दोन्हीकडे असतो, ही येथे जमेची बाजू आहे.

मूल्यमापनाची स्थिती मात्र याला अनुकूल नाही. खेलो इंडिया योजनेअंतर्गत २०१९ साली आलेल्या शालेय तंदुरुस्ती चाचण्यांत लहान मुलांसाठी शरीरभार निर्देशांक, एका पायावर तोल राखणे व तबकड्यांना आलटून-पालटून हात लावणे, तर मोठ्या मुलांसाठी ५० मीटर व ६०० मीटर धावणे यांसारख्या चाचण्या आहेत. तंदुरुस्तीच्या मापनासाठी त्या योग्यच आहेत. परंतु त्या सर्व वैयक्तिक व शारीरिक आहेत. शाळा ज्याची नोंद करते त्याचाच सराव घेते, हा अनुभव सार्वत्रिक आहे. दुसरीकडे, संघाधारित पद्धतीची परिणामकारकता दाखविण्यासाठी मुलांकडून ‘मला समस्या सोडविता येते’ अशा विधानांवर सहमती घेणे हेही अपुरे आहे. त्यातून मुलाचा आत्मविश्वास कळेल, कौशल्य कळणार नाही. दुसऱ्या डावात संघाने योजना बदलली का, बदल पहिल्या चुकीशी निगडित होता का, सूचना किती वेगवेगळ्या मुलांकडून आल्या, या तीन गोष्टींची निरीक्षणनोंद अधिक विश्वासार्ह ठरेल.

शालेय वास्तव

या चर्चेला शालेय वास्तवाची चौकट आहे. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ याच्या परिशिष्टात मैदान व क्रीडासाहित्य प्रत्येक शाळेला आवश्यक मानले आहे. आरोग्य व शारीरिक शिक्षणासाठी अंशकालीन निदेशकाची तरतूद मात्र सहावी ते आठवीसाठी, तीही शंभराहून अधिक पट असलेल्या शाळांत आहे. पहिली ते पाचवीचा भार वर्गशिक्षकावरच पडतो. द्विशिक्षकी शाळेत तो एकाच वेळी अनेक इयत्ता सांभाळत असतो. त्याला डावपेचांचे प्रश्न कसे विचारावेत याचे प्रशिक्षण न देता ‘संघाधारित अध्ययन राबवा’ एवढे परिपत्रक पाठविल्यास, जुन्याच खेळाला नवे नाव मिळेल. साहित्याचा अभाव हे कारण येथे फारसे टिकणारे नाही. लगोरीला सात चपट्या दगडांहून व एका चेंडूहून अधिक काही लागत नाही. अभाव आहे तो वेळेचा व अध्यापकाच्या तयारीचा. बहुवर्ग शाळेत कायम संघ उलट उपकारक ठरतील, कारण चौथीतील मूल दुसरीतील भिडूला सांभाळून घेऊ शकते.

निष्कर्ष

संघाधारित अध्ययन प्राथमिक स्तरावरील शारीरिक शिक्षणाला उपयुक्त ठरू शकते, परंतु त्याचे सर्व घटक सारख्याच प्रमाणात नव्हे. शिक्षकाने बनविलेले कायम संघ, नेमका पर्याय असलेली समान समस्या आणि एकाच वेळी उत्तर जाहीर करणे हे घटक स्वीकारार्ह आहेत. लेखी पूर्वचाचणीची जागा वैयक्तिक कृतीने आणि गुणांच्या परस्पर मूल्यमापनाची जागा तोंडी नोंदीने घेतली पाहिजे. खो-खो, लगोरी यांसारख्या देशी खेळांच्या नियमांत समस्या निराकरणाची संधी मुळातच आहे. ती शिक्षकाच्या आज्ञेमुळे व बाद होण्याच्या नियमामुळे हिरावली जाते.

अध्यापक विद्यालये व शारीरिक शिक्षण महाविद्यालये यांनी पाठनिरीक्षणाच्या तक्त्यात एका प्रश्नाची भर घातली तरी बरेच साधेल : या तासिकेत कोणत्या मुलाने एकही निर्णय घेतला नाही? या प्रश्नाचे उत्तर नावानिशी लिहिण्याची सवय छात्राध्यापकाला लागली, तर पुढील पाठाची योजना करताना त्या मुलाचा विचार त्याला आधी करावा लागेल.